कसारा घाटात गाडी तापते, गावात काहीच नाही. हेड गॅस्केटच असेल का?

गोदाकाठ:
मंडळी नमस्कार, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा लक्ष घाला. माझी दहा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक आहे, टर्बोवाली, सेकंडहँड घेतलेली, एक लाख चाळीस हजार चाललीये. नाशकात फिरवताना काहीही त्रास नाही, द्वारका चौकाच्या जाममध्ये एसी लावून उभी राहिली तरी काटा मधोमध. पण मुंबईहून येताना कसारा घाट लागला आणि गाडीत चार माणसं आणि डिकीत सामान असलं की अर्ध्या घाटात काटा सरकायला लागतो आणि घाटनदेवीपर्यंत लाल रेषेजवळ जातो. इगतपुरी मागे टाकून सपाट रस्ता लागला की घोटीच्या आत आपोआप खाली. मागच्या वेळी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे, नुसतं खदखदत होतं.
एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला आपल्या हवेत लागतच नाही. त्यानंतर तर जास्तच तापायला लागली. मग दुसरीकडे दाखवली, त्याने बुडबुड्यांचं ऐकलं आणि लगेच हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागेल, तीस हजार धरून चाला असं सांगितलं. पैसे लागले तर लावू पण आजार तोच आहे याची खात्री कशी करायची? वडिलांना तपासणीला दर महिन्याला मुंबईला न्यावं लागतं, त्यांना घेऊन घाटात उभं राहायची वेळ यायला नको एवढंच.

घाटरस्ता:
तोपर्यंत समृद्धीने या ना भाऊ. आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झालाय, इगतपुरीजवळचा तो जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा धरून चढ एकदम सावकाश आहे, जुन्या घाटासारखी दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे रांगायची वेळ येत नाही.

टूरवाला_सिन्नर:
चढ सावकाश आहे हे खरं पण तिथे लोक शंभरच्या पुढे एकसारखी धरतात, त्यालाही इंजिन तेवढीच ताकद लावतं आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकावी लागते. पाण्याचा फेरा कमजोर असेल तर गाडी तिथेही तापणार, वर बोगद्यात थांबायची पंचाईत. आधी दुखणं शोधा मग रस्ता ठरवा.

सातपूरचा_फिटर:
गोदाकाठ दादा, हेड उतरवू नका. निदान अजून तरी नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तराचा अर्धा भाग आलाच आहे, तो तुमच्या गॅरेजवाल्याने नीट ऐकला नाही असं दिसतंय.
गाडी कुठे तापते ते सगळ्यात महत्त्वाचं. उभी असताना, सिग्नलला, जाममध्ये तापत असेल आणि पळायला लागली की गार होत असेल तर पंखा बघायचा, कारण पळताना समोरून वारा मिळतो पण उभ्या गाडीला फक्त पंखाच. तुमचं बरोबर उलटं आहे. द्वारकाला उभी राहून तापत नाही म्हणजे पंखा, त्याचा रिले (पंख्याला करंट देणारा स्विच), त्याचा सेन्सर हे सगळं जवळपास सुटलं. लोड आल्यावरच तापते म्हणजे इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाहीये. मग संशयित राहिले ते असे, रेडिएटर आतून चोक, रेडिएटर बाहेरून कचऱ्याने बंद, पाण्याचा पंप कमजोर (काही गाड्यांत आतलं चाक प्लॅस्टिकचं असतं, ते शाफ्टवर सुटतं किंवा पाती झिजतात), खालचा होजपाइप आत ओढला जाऊन चपटा होणं, झाकण प्रेशर न धरणं, आणि हो, हेड गॅस्केट सुद्धा. पण ते यादीत एक आहे, एकटं नाही.
आता मला एवढं सांगा. पाणी कमी होतं का आणि किती? सकाळी थंड गाडी चालू केल्यावर बुडबुडे येतात का? ऑइलच्या काडीवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ काही दिसतं का? बाटलीत सध्या काय आहे, कूलंट की साधं पाणी? आणि घाटात तापते तेव्हा हीटर लावला तर गरम हवा येते का?

मखमलाबादकर:
थर्मोस्टॅट काढल्यावर जास्त तापली हे कसं काय? आमच्याकडे तर सगळे मिस्त्री हेच करतात, काढला की पाणी मोकळं फिरतं म्हणतात.

सातपूरचा_फिटर:
जुन्या काही इंजिनांना चालून जायचं म्हणून ती सवय पडली. पण बऱ्याच नव्या इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन कामं असतात. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासने इंजिनातल्या इंजिनात फिरवतो. साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडायला लागतो, पूर्ण उघडला की त्याचा खालचा भाग ती बायपासची वाट बंद करतो म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच जावं लागतं. तो काढून टाकला की बायपास कायम उघडा, थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतं. रेडिएटर आधीच अर्धा चोक असेल तर पाणी सोपी वाट धरणार, म्हणजे बायपासनेच जास्त जाणार. वर सपाटीला आणि थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेलचं अॅव्हरेज पडतं, ऑइलमधली वाफ उडत नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणं म्हणजे तपासणी न करता औषध देणं, मला ही पद्धत मनापासून चुकीची वाटते आणि यात गाडीवाल्याचंच नुकसान होतं. थर्मोस्टॅटची खात्री करायला तो काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकून बघायचा, वेळेवर उघडला तर परत बसवायचा, नाही उघडला तर नवा. हजाराच्या आसपासची वस्तू आहे.

गोदाकाठ:
सगळं बघून आलो. पाणी कमी होतं पण थोडं, घाट करून आलं की बाटली मिनिमम रेषेच्या जरा खाली जाते, गावात फिरवली तर महिनाभर जैसे थे. ऑइल स्वच्छ काळं, दुधाळ काही नाही. सकाळी थंड गाडी चालू करून झाकण उघडं ठेवून दहा मिनिटं उभा राहिलो, एकही बुडबुडा नाही. झाकण लावून पाहिलं तेव्हा वरचा पाइप पण मऊ होता. बाटलीत कूलंट थोडा, बाकी पाणी, ते आमच्या सोसायटीच्या बोअरचं. आधीच्या मालकाने काय टाकलं होतं माहीत नाही. हीटर लावला होता, हवा गरम यायची आणि काटा थोडा खालीही यायचा.

टूरवाला_सिन्नर:
बोअरचं पाणी! अहो आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने घरात गिझरची कॉइल दगडासारखी होते, टोपात थर बसतो, तेच रेडिएटरच्या नळ्यांत होणार. आमच्या टूरच्या गाडीला कूलंटमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर नाहीतर आरओ, डिकीत दोन लिटरचा कॅन कायम.

सातपूरचा_फिटर:
थंड गाडीला बुडबुडे नाहीत आणि पाइप मऊ, ही तुमच्यासाठी खूप चांगली बातमी आहे. गॅस्केट गळत असेल तर सिलिंडरमधलं कंप्रेशन पाण्यात घुसतं, त्याला बहुतेक वेळा इंजिन गरम व्हायची वाट बघावी लागत नाही, चालू केल्यावर काही मिनिटांतच बाटलीत बुडबुडे येत राहतात, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो आणि एक्सिलेटर दिला की पाणी उसळतं. फक्त गरम झाल्यावरच येणारे बुडबुडे हे बहुतेक वेळा उकळणाऱ्या पाण्याचे असतात. तुम्ही घाटात पाहिलेत ते तसेच असावेत.
आणि पाणी का उकळतं याचं एक कारण झाकण. ते कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं, आतलं प्रेशर धरून ठेवतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) आकडा असतो, एक बारचं प्रेशर धरलं की साधं पाणी सुद्धा १२० अंशाच्या आसपास उकळतं, निम्मं निम्मं कूलंट असेल तर त्याहून वर. आता रबर सुकलेलं, स्प्रिंग ढिली, प्रेशर धरत नाही असं झाकण असेल तर आपण नाशिक-इगतपुरीच्या जवळपास सहाशे मीटर उंचीवर, इथे उघड्यावर पाणी ९८ अंशालाच उकळतं. इंजिन ९८ ला तर रोज असतं! म्हणजे काटा चढायच्या आधीच हेडच्या गरम जागी वाफ तयार होते, वाफ झाली की तिथे पाणी धातूला लागत नाही, मग खरंच तापते. पाणी थोडं थोडं कमी होतंय ते याच वाटेने, वाफ होऊन, जात असणार.
हीटरने काटा खाली आला म्हणजे इंजिनातून हीटरपर्यंत पाणी फिरतंय, पंप अगदीच मेलेला नाही. पण झिजलेला पंप गावात ठीक वाटतो आणि लोडला उघडा पडतो, त्यामुळे त्याला अजून पूर्ण सोडू नका.

रेणुका_गंगापूररोड:
मधेच विचारते, माफ करा. माझी पेट्रोल गाडी आहे, हायवेला काही नाही पण कॉलेज रोडला संध्याकाळी किंवा मुंबई नाक्याला सिग्नलला काटा वर जातो, एसी पण त्या वेळी गरम हवा टाकतो, चालायला लागली की पुन्हा थंड. वरच्या हिशोबाने हे पंख्याचं ना?

सातपूरचा_फिटर:
अगदी बरोबर ताई. एसी पण त्याच वेळी गरम होतोय हाच पुरावा, कारण एसीचा कंडेन्सर पण त्याच पंख्यावर थंड होतो. गाडी सुरू करून एसी लावा, पंखा लगेच फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग पंख्याची मोटर या क्रमाने बघायला सांगा. डायरेक्ट बारा व्होल्ट देऊन मोटर फिरते का हे पाच मिनिटांत कळतं. काही गाड्यांत हळू स्पीडसाठी वेगळा रेझिस्टर असतो, तो जळला की पंखा फक्त खूप तापल्यावर फुल स्पीडला फिरतो, तेही बघा. पंप, रेडिएटर बदलायला कोणी सांगितलं तर आधी हे झालं का विचारा. आणि बॉनेट उघडून बघताना हात, ओढणी पंख्यापासून लांब, गाडी बंद असली तरी तो अचानक फिरू शकतो.

जुना_अंबडकर:
एवढं सगळं छान चाललंय, एक गोष्ट जोडतो. डॅशबोर्डच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत कंपनी तो मुद्दाम स्थिर ठेवते, ८० पासून शंभरच्या थोडं पुढेपर्यंत काटा मधेच दाखवतो, लोकांना उगाच काळजी नको म्हणून. म्हणजे काटा हलला तेव्हा आधीच बरंच झालेलं असतं. एक साधा ओबीडी डोंगल घ्या, स्टिअरिंगखाली सॉकेटला लागतो, मोबाईलवर कूलंटचा खरा आकडा दिसतो. घाटाच्या पायथ्याला किती, मध्यावर किती, वर किती, हे शेजारी बसलेल्याने लिहून ठेवलं तर मेकॅनिकला अंदाज करावा लागत नाही. सेन्सरच खोटं बोलतोय का हे पण कळतं, रात्रभर उभ्या गाडीला सकाळी बाहेरच्या हवेएवढाच आकडा दिसला पाहिजे.
दुसरं, गॅस्केटची शंका राहिलीच असेल तर निळ्या पाण्याची टेस्ट करून घ्या. बाटलीच्या तोंडावर एक नळी बसवतात, त्यात निळं रसायन असतं, पाण्यातून जळका गॅस येत असेल तर रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा, डिझेलला हिरवट. सगळ्या गॅरेजला नसते पण अंबडला, सातपूरला विचारलं तर मिळते. काहीशे रुपयांत तीस हजाराचा निर्णय होतो.

मखमलाबादकर:
गॅस्केट नसेल पण पाणी आतल्या आत जात असेल असं अजून काही असतं का?

जुना_अंबडकर:
डिझेलमध्ये ईजीआर कूलर. त्यातून एक्झॉस्टचा गॅस आणि कूलंट शेजारी शेजारी जातात, आतून चीर गेली की कूलंट एक्झॉस्टमध्ये जातं, सायलेन्सरला पांढरा धूर, पाणी गायब, बाहेर एक थेंब नाही. दिसायला हुबेहूब गॅस्केट. हेड उतरवून, फेसिंग करून, परत बसवून पाणी कमीच होत राहिलेल्या गाड्या मी पाहिल्यात. यासाठी प्रेशर टेस्ट करा, थंड इंजिनला हातपंपाने झाकणाच्या जागी एक बार प्रेशर द्यायचं आणि अर्धा तास ठेवायचं, काटा खाली येत असेल तर गळती आहे, मग शोधायची. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येतात तेही यातच दिसतं.

गोदाकाठ:
डोंगल लावला. सकाळी २६, बाहेर पण तेवढंच. गावात ८६ ते ९४, पंखा ९७ ला लागतो. मुंबईला जाणं अजून आठवड्याने आहे, तोपर्यंत चढ कुठला मिळेल?

टूरवाला_सिन्नर:
वणीला जाऊन या ना, नांदुरीपासून सप्तशृंगी गडाचा रस्ता चांगला दहा किलोमीटरचा चढ आहे, दर्शनही होईल. चार माणसं, एसी, सगळं तसंच ठेवा. आकडा १०५ च्या वर गेला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, आणि जागा बघून बाजूला. झाकणाला हात लावायचा नाही म्हणजे नाही, तासभर तरी नाही. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरचा हात आणि छाती भाजलेली मी पाहिलीये, प्रेशर सुटलं की उकळतं पाणी अंगावर येतं, फडकं धरून उघडलं तरी. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, नसलेली चीर तिथे पडेल.

गोदाकाठ:
गडावर जाऊन आलो. नांदुरीला ९१, मध्यावर १०१, वर पोचताना १०८. एसी बंद करून हीटर लावला तर १०३ वर थांबला. वर पार्किंगला इंजिन चालू ठेवलं तर पाच-सात मिनिटांत ९६. आता पुढे?

सातपूरचा_फिटर:
उत्तम. आता होजपाइप. चढ करून आल्या आल्या रेडिएटरचा वरचा पाइप आणि खालचा पाइप यांचं तापमान मोजायचं, बंदुकीसारखा तो इन्फ्रारेड थर्मामीटर असतो त्याने, हात लावू नका. दोन्ही जवळपास सारखेच चटके देत असतील तर पाणी फिरतंय पण रेडिएटरला हवा लागत नाही, म्हणजे बाहेरून कचरा. वरचा खूप गरम आणि खालचा त्या मानाने फारच गार असेल तर पाणी रेडिएटरमधून पुरेसं जात नाहीये, चोक किंवा पंप. मग पंख्याच्या पात्यांमधून रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवा. तापमान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हळूहळू कमी होत गेलं तर ठीक, मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्यांमधून पाणी जातच नाहीये. पंप कमजोर असेल तर असा पट्टा येत नाही, सगळीकडे सारखंच मंद असतं. त्र्यंबकच्या रस्त्याला किंवा पांडवलेणीकडून विल्होळीपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये ओढून आणली तरी मोजण्यापुरती तापेल.

गोदाकाठ:
हे ऐकून शेवटी अंबडला एका म्हाताऱ्या फिटरकाकांकडे गेलो, त्यांनी स्वतःहून हेच सगळं केलं, मला सांगायची गरज पडली नाही. वरचा पाइप ९९, खालचा ५८. जाळीवर खालच्या बाजूला जवळजवळ एक तृतीयांश पट्टा गार. निळ्या पाण्याची टेस्ट केली, थोडी रेस देऊन पंधरा मिनिटं, रंग निळाच राहिला. प्रेशर टेस्टला एक थेंब नाही पण झाकण वेगळं तपासलं तर ०.४ लाच सुटत होतं, त्यावर छापलंय १.१.
मग बंपर काढून रेडिएटर उतरवला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे धूळ, पिसं, वाळलेला चिखल असा गालिचा बसला होता, समोरून जाळी एकदम स्वच्छ दिसायची. आणि रेडिएटर उलटा केला तर तपकिरी गाळ आणि त्यात चंदेरी कण, काका म्हणाले कोणीतरी पूर्वी गळती बंद करायची पावडर टाकलीये, त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार, दोन्हीने मिळून खालच्या नळ्या बुजल्या.

मखमलाबादकर:
रेडिएटर साफ करून मिळेल का? आमच्या वडिलांच्या जीपला नळ्यांत सळई घालून साफ करायचे, द्वारकाला एक दुकान होतं.

सातपूरचा_फिटर:
तो पितळ-तांब्याचा रेडिएटर, टाकी डाग काढून उघडायची, सळई मारायची, परत डाग द्यायचा. आताचे अॅल्युमिनियमचे, दोन्ही बाजूला प्लॅस्टिकची टाकी पत्र्याने दाबून बसवलेली, नळ्या पातळ आणि चपट्या. अॅसिड मारलं तर नळी खाते, टाकी उघडली तर परत तशी बसत नाही. हलका गाळ असेल तर उलट्या दिशेने पाणी सोडून निघतो, पण पावडर आणि क्षाराने बुजलेला असेल तर नवाच घ्यावा. हेडच्या खर्चाच्या मानाने काहीच नाही. नवा टाकायच्या आधी इंजिन ब्लॉक आणि हीटर पण स्वच्छ पाण्याने फ्लश करून घ्या, नाहीतर तोच गाळ नव्या रेडिएटरमध्ये जाऊन बसेल. पंप पण एवढं उघडलंच आहे तर हाताने फिरवून, हलवून बघायला सांगा.

गोदाकाठ:
नवा रेडिएटर, नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट, फ्लश, कूलंट, मजुरी धरून साडेनऊ हजार. पंप बघितला, पाती लोखंडी आणि ठीक आहेत, हलत नाही, राहू दिला. काकांनी कूलंट भरल्यावर हीटर चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून, वरच्या नळीवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत सोडलं नाही, म्हणाले हवा अडकली तर नवीन रेडिएटर असूनही तापेल.
काल वडिलांना घेऊन मुंबईहून आलो, कसारा घाटानेच, मुद्दाम. एसी चालू, चार माणसं. पायथ्याला ८९, सगळ्यात जास्त ९६, घाटनदेवीला ९४. वडील पूर्ण घाट झोपले होते. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः फिटर दादा आणि अंबडकर काका.

रेणुका_गंगापूररोड:
अभिनंदन! माझंही झालं, रिले होता, एसी पण सिग्नलला आता गार राहतो. एक प्रश्न, कूलंट कुठला घ्यायचा? हिरवा, लाल, निळा, दुकानदार म्हणतो सगळे सारखेच, मिसळले तरी चालतात.

जुना_अंबडकर:
ताई मिसळू नका. रंग कंपनी कुठलाही देते, त्यावर जाऊ नका, आत कुठलं गंजरोधक आहे ते महत्त्वाचं. जुन्या पद्धतीचं आणि नव्या ऑरगॅनिक पद्धतीचं एकत्र केलं तर दोन्हीची गंज रोखायची ताकद जाते, काही वेळा जेलीसारखा थर पण बसतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, आणि आधीचा कुठला आहे हे माहीत नसेल तर पूर्ण काढून फ्लश करून नवीन भरा. काँसन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं निम्मं. जास्त कूलंट टाकला म्हणजे जास्त गार राहील असं नाही, पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, कूलंट उकळणं आणि गंज लांब ठेवतो, म्हणून दोन्ही लागतात. घट्ट कूलंटनेही घाटात गाडी तापते.

टूरवाला_सिन्नर:
आणि गोदाकाठ भाऊ, पावसाळा संपला की बंपरच्या आतून त्या मधल्या फटीत एकदा पाण्याची हलकी धार मारून घेत जा, इंजिनच्या बाजूने पुढे. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीची पाती दुमडतात. आमच्या गाड्या द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी, पिंपळगावच्या मातीच्या रस्त्यांनी फिरतात, मार्चमध्ये बघितलं तर मूठभर माती निघते.

गोदाकाठ:
नोंद केली. जुनं झाकण काकांनी मला परत दिलंय, गाडी घेणारे मित्र आले की त्यांना दाखवायला ठेवलंय. थर्मोस्टॅट बसल्यापासून अॅव्हरेज पण दीडने वाढलंय, फिटर दादा म्हणाले होते तसंच.